अर्ध्या गतीचा आवाज

“बुलेटचा टॅपेट वाजायलाय.”

सोलापुरात दुचाकीच्या इंजिनातून येणाऱ्या जवळपास प्रत्येक आवाजाचं हे एकच निदान ठरलेलं आहे. त्यासाठी मिस्त्री लागत नाही. गाडीचा मालक ते करतो, त्याचा मेहुणा करतो, सिग्नलला शेजारी थांबलेला अनोळखी माणूससुद्धा मान वाकडी करून ऐकतो आणि करून टाकतो. सायलेन्सरचा नट ढिला झाला तरी टॅपेट, कॅमची साखळी सैल पडली तरी टॅपेट, टाकीखालचा पत्रा थरथरला तरी टॅपेट. जुना मिस्त्री यावर वाद घालत नाही. तो फक्त विचारतो, “गार असताना वाजतं का गरम झाल्यावर?” बहुतेक मालकांना याचं उत्तर देता येत नाही, कारण आवाज ऐकल्या क्षणी त्यांना धडकी भरलेली असते. कधी आणि कसा वाजतो, हे बघायचं राहूनच गेलेलं असतं.

आता टॅपेट म्हणजे काय ते एकदा नीट पाहू. इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो, जळालेला धूर बाहेर सोडणारा दुसरा. ते उघडण्याचं काम कॅम करतो. कॅम म्हणजे फिरत्या दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा. जुन्या बुलेटमध्ये हा कॅम खाली, क्रँकच्या शेजारी असतो आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. मधलं अंतर तोडायला कॅमवर टेकलेला टॅपेट, टॅपेटवर उभा पुशरॉड, आणि पुशरॉडने ढकलला जाणारा रॉकर अशी रांग लावलेली असते. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरचं एक टोक वर ढकलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत कॅम थेट हेडमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे पुशरॉडची गरज संपते. मिस्त्रींच्या बोलीत मात्र रॉकरच्या टोकाच्या स्क्रूलाही टॅपेटच म्हणतात.

या रांगेत कुठेतरी किंचित मोकळीक ठेवावी लागते, कारण लोखंड तापलं की वाढतं. अनेक छोट्या इंजिनांत ती एका मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. कॅमचा उंचवटा आला की आधी ही फट मिटते, मग व्हॉल्व्ह हलतो, आणि फट मिटताना जो ठोका पडतो तोच टॅपेटचा आवाज. म्हणजे हातानं सेट केलेल्या इंजिनात टॅपेट थोडा वाजणारच. तो वाजतो याचा अर्थ फट शिल्लक आहे.

गिऱ्हाइकाला हे पटवणं सगळ्यात अवघड. त्याला बुलेटचा तो गंभीर धप्-धप् आवाज हवा असतो आणि त्यात मिसळलेली टिक-टिक नको असते. मग एखादा तरुण मेकॅनिक त्याचं समाधान करायला टॅपेट अर्ध्या पिळाने आवळतो. आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जातं. इकडे इंजिन तापलं की फट उरतच नाही आणि धुराच्या बाजूचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटायचा थांबतो. हा व्हॉल्व्ह जळत्या वायूत उभा असतो. त्याची उष्णता बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग म्हणजे बंद असताना सीटवर टेकणं. टेकताच आलं नाही तर कड जळायला लागते. आधी गाडी गरम असताना स्टार्ट व्हायला कुरकुरते, मग किकखाली दाब कमी लागतो, सायलेन्सरमधून फटाके फुटतात, आणि शेवटी हेड खोलावं लागतं. माझ्या मते सोलापुरातल्या जळालेल्या व्हॉल्व्हांतले कितीतरी असेच शांततेच्या हट्टापायी गेलेले असावेत. ढिला टॅपेट कॅमला, रॉकरला हळूहळू झिजवतो, हे खरं. पण तो सांगून सवरून झिजवतो. आवळलेला टॅपेट शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही.

हा आवाज ओळखायचा कसा? तो अर्ध्या गतीने येतो, ही त्याची खूण. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. गाडी उभ्या उभ्या मिनिटाला १,००० फेऱ्यांवर चालत असेल तर एक ढिला टॅपेट मिनिटाला ५०० वेळा वाजेल, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठदा. पिस्टन बोअरमध्ये सैल झाला असेल किंवा कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलं असेल, तर तो ठोका क्रँकच्या गतीने, दुप्पट वेगात पडतो. सेकंदाला आठ आणि सेकंदाला सोळा कुणी मोजू शकत नाही, पण कानाला फरक कळतो. पहिला आवाज हलका आणि सुटा सुटा लागतो, दुसरा भरलेला.

हा कान सोलापूरला कसा मिळाला, याबद्दल माझा एक तर्क आहे. मोरारजी गोकुळदासांनी १८७०च्या दशकात इथे कापडाची पहिली मोठी गिरणी काढली. तिलाच पुढे जुनी मिल म्हणू लागले, आणि मुरारजी पेठ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. नंतर नरसिंगगिरजी आली, लक्ष्मी आणि विष्णू आल्या. गिरण्या बंद पडल्या तरी यंत्रमाग राहिले, आणि ते कारखान्यांपुरते राहिले नाहीत, वस्तीत घुसले. पद्मशाली विणकरांच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांत माग चालू असताना दोन घरांच्या मधून गेलात तर बोलणं ऐकू येत नाही. तिथे वाढलेल्या पोराला कुठला माग बरोबर चाललाय आणि कुठला आता धागा तोडणार, हे न बघता कळतं. मागाची दुरुस्ती करणाऱ्या जॉबरला तर त्याचाच पगार मिळायचा.

हे नुसतं गावाचं कौतुक नाही. जुन्या धोट्याच्या मागाची रचना खरोखर इंजिनासारखी आहे. वरचा क्रँकदांडा एक फेरी घेतो तेव्हा धोटा एकदा जातो. त्याला गिअरने जोडलेला खालचा दांडा बरोबर अर्ध्या गतीने फिरतो. साध्या विणीच्या मागात ताण्याचे धागे आळीपाळीने वरखाली करणारे टॅपेट या खालच्या दांड्यावर बसवलेले असतात, कारण साधी वीण दर दोन धाग्यांनी पुन्हा पहिल्यावर येते. चादरीच्या नक्षीला जॅकार्ड लागतं, तिथे ताणा उचलण्याचं काम टॅपेटकडे नसतं. पण धोट्याला टोला मारून या टोकाहून त्या टोकाला पाठवणारा टॅपेट तिथेही खालच्या दांड्यावरच असतो. क्रँक पूर्ण, टॅपेट अर्धा. माग मिनिटाला सव्वाशे फेऱ्या घेतो, त्यामुळे तिथला अर्ध्या गतीचा ठोका सेकंदाला एक असा आरामात मोजता येतो. मागाच्या खोलीतून उठून गॅरेजात आलेल्या मुलाला इंजिनाचा ताल नवा वाटत नसावा. वेग तेवढा वाढलेला असतो.

गॅरेजातलं अवजार मात्र साधंच आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. रॉकरच्या झाकणावर आवाज सगळ्यात मोठा असेल तर शोध वरच्या बाजूला. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरवर मोठा असेल तर गिअर किंवा कॅम. सिलिंडरच्या मध्यावर असेल आणि गाडी तापल्यावर कमी होत असेल तर पिस्टन. चढावर, भार आल्यावर जड ठोका वाढत असेल तर खालचं बेअरिंग, आणि मग गाडी पुढे चालवायची नाही. सगळ्यात फसवा आवाज सायलेन्सरच्या पाइपाचा. हेडपाशी त्याचं पॅकिंग फुटलं की दर दोन फेऱ्यांनी धूर चुक्-चुक् करत निसटतो, तोही अर्ध्या गतीने, थेट टॅपेटसारखा. गार इंजिन सुरू करून तिथे साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर टॅपेटला हात लावायची गरज नाही. स्प्लेंडर आणि तिच्या जातीच्या गाड्यांत कॅमच्या साखळीचा टेन्शनर थकतो आणि साखळी पत्र्यावर घासल्यासारखी सरसरते. त्यावर टॅपेट आवळून काही होत नाही, उलट एक दुखणं वाढतं.

जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटचं टॅपेट सेटिंग बघणं हा मात्र वेगळाच आनंद आहे. ही गाडी मुळात इंग्लंडातल्या रेडिचची. भारतीय लष्करासाठी मागणी आली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, पण मद्रासमधून तीच ३४६ सीसीची, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकची गाडी पुढे कित्येक दशकं निघत राहिली. त्यामुळे बापाने शिकलेलं सेटिंग पोराला जसंच्या तसं उपयोगी पडलं.

काम सकाळी करायचं, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभी असलेली बंद गाडीसुद्धा गार म्हणता येत नाही. मेन स्टँडवर लावायची, प्लग काढायचा, टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवायचं. सिलिंडरच्या तळाशी उजव्या बाजूला एका नटाने धरलेलं छोटं झाकण असतं, ते काढलं की दोन्ही पुशरॉडांची खालची टोकं दिसतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा. इथे नवखा फसतो, कारण पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. दुसऱ्या वेळी धूर जाणं संपत असतं, मिश्रण येणं सुरू होत असतं आणि दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. त्या जागी पुशरॉड घट्ट लागतात, म्हणून तो ते ढिले करून बसतो आणि गाडी सुरू केली की इंजिन टाळ्या वाजवायला लागतं. प्लगच्या भोकावर अंगठा धरला की दाबाने अंगठा उडतो, ती खरी जागा.

मग तीन पातळ पाने एकाच वेळी. एक खाली टॅपेटला धरून ठेवतो, दुसरा ॲडजस्टर फिरवतो, तिसरा लॉकनट. हात दोनच असल्यामुळे तिसरा पाना कधी गुडघ्याला, कधी छोटूच्या हातात. इथे फट मोजायची पट्टी लागत नाही. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवला तर सहज फिरला पाहिजे, वरखाली मात्र हलता कामा नये. बीड आणि ॲल्युमिनियम वेगवेगळं वाढतं, आणि या इंजिनात त्या हिशेबाने गार असताना जवळजवळ शून्य फट ठेवतात. लॉकनट आवळताना ॲडजस्टर हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा बोटांनी बघायचं. घाईतला मिस्त्री इथेच चुकतो.

सेटिंग करूनही आठ दिवसांत आवाज परत आला, तर दोष सेटिंगचा नाही. मग टॅपेटच्या पायाला खड्डा पडलाय का, कॅमच्या उंचवट्याचा पत्रा निघायला लागलाय का, रॉकर त्याच्या बेअरिंगमध्ये हलतोय का, हे बघावं लागतं. पुनःपुन्हा सेटिंग करून घेणारे मालक बहुधा याच रांगेतले असतात, आणि त्यांना तसं स्पष्ट सांगणारा मिस्त्री भेटणं नशिबाचा भाग आहे.

२००८-०९च्या सुमारास एनफिल्डने इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेली नवी इंजिनं आणली. थंडरबर्ड ट्विनस्पार्क आली, क्लासिक आली, आणि त्यांत हायड्रॉलिक टॅपेट होते. कल्पना जुनी. गुळगुळीत आवाजाच्या हव्यासाने अमेरिकेत १९३० मध्ये १६ सिलिंडरच्या कॅडिलॅकमध्ये तेलावर चालणारी तशी योजना होती. हार्ले-डेव्हिडसनने १९४८च्या पॅनहेड इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट दिले, पण पुशरॉडच्या वरच्या टोकाला. तिथपर्यंत तेल पुरेशा दाबाने पोचेना म्हणून १९५३ मध्ये ते खाली, कॅमजवळ आणले. म्हणजे या टॅपेटचं निम्मं आयुष्य तेलावर अवलंबून असतं, हा धडा सत्तर वर्षांपूर्वीच दिला गेला होता.

आत एक छोटी दट्ट्याची डबी असते. इंजिनाचं तेल दाबाने तिच्यात भरतं, तळाशी गोळीचा एकतर्फी व्हॉल्व्ह ते परत जाऊ देत नाही. तेल दाबलं जात नाही, म्हणून डबी घन वस्तूसारखी वागते आणि फट आपोआप भरून काढते. लॉकनट नाही, तीन पाने नाहीत, सकाळची वाट बघणं नाही. जुन्या मिस्त्रींना ही गाडी सुरुवातीला आवडली नाही, आणि त्यामागे नुसता हट्ट नव्हता. हातात घेऊन दुरुस्त करण्यासारखी जागाच नाहीशी झाली होती. आता निदान तेलाचं करायचं होतं.

आणि तेलाच्या बाबतीत सोलापूर जरा बेफिकीर आहे. या गाड्यांना १५डब्ल्यू५० तेल सांगितलेलं असतं. त्यातला ५० हा आकडा तापल्यावरच्या दाटपणाचा, आणि इथल्या उन्हाळ्यात गावातल्या गर्दीत हवेने गार होणाऱ्या इंजिनाला त्याचीच गरज असते. कारचं उरलेलं पातळ तेल टाकलं तर गरम झाल्यावर दाब उतरतो, टॅपेट अर्धा भरतो आणि टिक-टिक सुरू होते. क्लच त्याच तेलात बुडालेला असल्यामुळे तोही घसरू लागतो. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त भरलं तर फेस होतो. दोन्हीकडून डबीत हवा शिरते आणि हवा मात्र दाबली जाते. रॉकेल घालून इंजिन धुण्याची पद्धत अजून कुठे कुठे चालते, ती या गाड्यांना वैरी आहे. तळाचा सुटलेला गाळ फिरत फिरत त्या गोळीखाली जाऊन बसतो आणि टॅपेट धरतच नाही.

सगळ्यात जास्त वाजतात त्या उभ्या राहिलेल्या गाड्या. हे सोलापूरचं खास दुखणं आहे. मुलगा नोकरीला पुण्यात, हौसेने घेतलेली बुलेट जुळे सोलापुरात झाकून ठेवलेली. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला, गड्ड्याला तो घरी येतो, कव्हर काढतो, बटण दाबतो, आणि वडिलांच्या समोर गाडी टक-टक-टक करायला लागते. कित्येक महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टॅपेटमधलं तेल झिरपून गेलेलं असतं. काही सेकंद, फार तर मिनिटभर वाजणं यात घाबरण्यासारखं काही नाही. मुलगा मात्र घाबरून ॲक्सिलरेटर पिळतो, आणि रिकाम्या टॅपेटवर हातोडे पडतात. या इंजिनात सेल्फ स्टार्टचा एकतर्फी क्लच बिघडला तरी सुरू करताना धातू आपटल्यासारखा मोठा आवाज होतो. पण तो बटण दाबताना किंवा सोडताना येतो, नंतर लागोपाठ येत नाही. त्यावर टॅपेट बदलून घेतलेले लोक आहेत.

खरंच टॅपेट काढायची वेळ आली तर दोन पथ्यं. कुठला टॅपेट कुठल्या कॅमवरचा, ते खुणेने वेगळं ठेवायचं. एकत्र चाललेल्या दोन पृष्ठभागांची झीज एकमेकांना जुळलेली असते, अदलाबदल केली की कॅम खराब होतो. दुसरं, नवा किंवा साफ केलेला टॅपेट पूर्ण फुगलेला बसवला असेल तर लगेच इंजिन फिरवायचं नाही. जास्तीचं तेल झिरपून तो आपल्या उंचीला येईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा धरलेला असतो. घाई केली तर पुशरॉड वाकतो.

२०२० मध्ये मेटिऑरबरोबर आलेल्या ३४९ सीसीच्या इंजिनात कॅम हेडमध्ये गेला, पुशरॉड गेले आणि हायड्रॉलिक टॅपेटही गेले. मिस्त्रींच्या हातात फट मोजायची पट्टी आली. शहर मात्र या साऱ्यापासून आणखी एका कारणाने दूर राहू शकत नाही. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कारखाने आहेत. १९९२ मध्ये सुरू झालेली ही सोलापूरची कंपनी देशी-परदेशी मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. उद्योगपती वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले आणि त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली मुंबईत. प्रिसिजन मात्र गावातच राहिली. इथे बिडाचा कॅम ओतताना साच्यात उंचवट्याच्या जागी धातूचे तुकडे बसवतात. वितळलेलं बीड तिथे झटकन गार होतं आणि काचेसारखं कडक बनतं. मधला दांडा सावकाश गार होऊन चिवट राहतो. टॅपेटचा मार खायला पृष्ठभाग कडक, धक्के सोसायला गाभा चिवट. एकाच ओतीत दोन स्वभाव. २०१८च्या सुमारास याच कंपनीने विजेवर चालणाऱ्या वाहनांची यंत्रणा बनवणारी एक डच कंपनी घेतली. विजेच्या मोटरीत कॅमही नाही आणि व्हॉल्व्हही नाही, हे कॅम बनवणाऱ्यांपेक्षा जास्त कुणाला कळणार?

विजेचे दिवस येईपर्यंत गड्ड्याला घरी आलेल्या मुलाने एवढं करावं. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून काचेच्या खिडकीतून तेलाची पातळी बघावी. तेल काळं किंवा वर्षाहून जुनं असेल तर फिल्टरसकट बदलावं. सुरू केल्यावर ॲक्सिलरेटर न पिळता थोडा वेळ तशीच चालू द्यावी. मग तुळजापूरला जाऊन यावं. ४५ किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, मध्ये घाट. तेल पूर्ण तापतं, टॅपेटमधली हवा निघून जाते. घरी परत येऊनही टिक-टिक राहिली, तर आधी सायलेन्सरचं पॅकिंग बघायचं, मग स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचा, आणि त्यानंतरच पाना काढायचा.